अकरा मिनिटांची यादवी आणि एक तबक

“सर, अमेरिकेचं यादवी युद्ध अकरा मिनिटांत उरका,” हेडबाई म्हणाल्या. “पुढं सत्कार आहेत.”

मी सोलापूरच्या एका शाळेत सव्वीस वर्षं इतिहास शिकवतोय. लढाया उरकायची मला सवय आहे. पण गॅदरिंगच्या या नाटिकेचे दोन भाग होते: युद्ध, आणि युद्धानंतर. दुसरा भाग नववीतल्या शाइस्तानं स्वतः लिहिलेला. पोरीला वकील व्हायचंय. तिचे वडील ट्रक चालवतात. तेवढा भाग बघायला ते एक खेप सोडून येणार होते.

या ‘नंतर’ला पुस्तकात पुनर्रचना म्हणतात. नाव झकास आहे. झालं असं, की गुलाम सुटले आणि दक्षिणेतल्या राज्यांनी लगेच नवे कायदे केले. सुटलेला माणूस रिकामा दिसला तर तो गुन्हा. दंड ठोकायचा. भरता आला नाही, की त्याला पुन्हा एखाद्या मळेवाल्याकडे राबायला पाठवायचं. सगळं कसं कायदेशीर! शाइस्ताच्या प्रसंगात अशाच एकावर खटला होता, आणि ती त्याची वकील.

“नंतरचं कापा,” हेडबाई म्हणाल्या.

“बाई, त्यापेक्षा युद्ध कापतो.”

“भलतंच काय! उत्तरेचा सेनापती आपल्या संस्थेच्या अध्यक्षांचा नातू आहे. दक्षिणेचा उपाध्यक्षांचा भाचा.”

गॅदरिंगच्या दिवशी युद्ध पंचवीस मिनिटं चाललं. भाचा शरण यायलाच तयार होईना. शेवटी दोघांनी हात मिळवले आणि आमच्या स्टेजवर अमेरिकेचा सामना बरोबरीत सुटला. टाळ्या पडल्या. शाइस्ताचा प्रसंग गेला.

मग सत्कार. आमच्याकडे शाल-नारळाशिवाय कार्यक्रम संपत नाही, आणि तबकं धरून उभ्या राहायला मुली लागतात. ठरलेल्या मुली वडापाव खायला पळालेल्या. हेडबाईंना पडद्यामागं शाइस्ता आणि तिच्या तीन मैत्रिणी दिसल्या.

“या रिकाम्याच उभ्या आहेत की! द्या यांच्या हातात.”

तिघी गोणपाटाच्या अंगरख्यात, शाइस्ता काळ्या कोटात. चौघींच्या हातात तबकं. तिसऱ्या रांगेत तिचे वडील मोबाईल धरून नारळाचं शूटिंग करत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मी पडद्याची दोरी धरून उभा राहिलो. आम्ही मास्तर लोक फळ्यापुढंच शूर.

प्रमुख पाहुणे निवृत्त न्यायाधीश होते. शाल घेताना त्यांनी कोट पाहिला आणि माईकवरच थट्टा केली, “काय वकीलसाहेब, आज कोर्टाला सुट्टी?”

“साहेब, या तिघी आत्ताच गुलामीतून सुटल्यात,” शाइस्ता म्हणाली. “रिकाम्या दिसल्या म्हणून लगेच कामाला लावल्या. आमचा कापलेला प्रसंग हाच होता.”

सभागृह हसलं. मग हळूहळू हसू थांबलं. हेडबाई पंख्याकडं बघायला लागल्या.

“मग चालवा की खटला,” न्यायाधीश म्हणाले आणि खुर्चीत बसले.

तबक ठेवायला जागा नव्हती. तिनं ते शेजारी बसलेल्या अध्यक्षांच्या हातात दिलं. पोरीनं सहा मिनिटं खटला लढवला. अध्यक्ष सहा मिनिटं नारळ सांभाळत बसले. ठेवावं तर कुठं ठेवावं, त्यांनाही कळेना.

बाहेर तिच्या वडिलांनी मला गाठलं. डोळे पुसत होते.

“सर, पोरगी केस हरली की वो!”

“हरणारच. कायदाच तसा होता.”

“मग तर तिला वकीलच करायला पायजे.”

दुसऱ्या दिवशी मला मेमो मिळाला. मेमो म्हणजे शाळेनं लेखी विचारलेला जाब. ‘माननीय अध्यक्षांच्या हाती तबक का देण्यात आले, याचा खुलासा करावा.’

मी एका ओळीत खुलासा दिला: ‘साहेब त्या वेळी रिकामे दिसले.’

यंदा मला नववी नाही. पाचवीला चित्रकला दिली आहे. लढाया शिकवा, कुणी काही म्हणत नाही. लढाईनंतरचं शिकवणार असाल, तर रंगपेटी आणून ठेवा.