बोईसरचा टायरवाला

बायको गेली त्या दिवशी आमच्या सहलीच्या, गाडीमागे ओढायच्या ट्रेलरचे टायर बदलायचे राहिले होते.

बोईसरचा टायरवाला टायरवर थाप मारून त्याला कान लावतो. नंतर एकदा मी ट्रेलर त्याच्याकडे नेला.

“गाडीचे टायर ट्रेलरला नाय चालत. कडा कडक पायजे, वजन पेलायला. आत झोपणार किती?”

“मी एकटाच. बायको वारली.”

“ट्रेलर दोघांसाठी घेतला ना? मग टायर दोघांचेच. बाईंचं वजन?”

“कधी मोजलं नाही,” मी म्हणालो. त्याने पंक्चरसाठी थांबलेल्या चिंचणीच्या कोळीण मावशींना टोपलीसकट आत बसवलं.

“एवढ्या होत्या?”

“थोडी बारीक.”

“मावशी, टोपली बाहेर द्या.”

“मेल्या, मी काय वजनकाटा हाय?”

“आता?” टोपली उतरवून त्याने मला विचारलं.

मी मान हलवली. त्याने त्या मापाचे टायर बसवले.

आता मी एकटाच डहाणूपर्यंत जाऊन येतो. ट्रेलरमध्ये बोंबलाचा वास आहे, आणि टायर दोघांचे आहेत.