हाल्सीच्या पाठीवरचं मत

एल्व्हेरा तोस्त्रुद गाडी चालवायची ती उजवीकडच्या सीटवर बसून. स्टीअरिंग डावीकडे, ब्रेक डावीकडे आणि बाई उजवीकडे. डावा हात स्टीअरिंगवर, डावा पाय लांब करून ब्रेकवर, आणि उजवा हात खिडकीबाहेर, लोकांच्या टपालपेट्यांत. नवख्या माणसाला बघूनच घाम फुटायचा. पण टॉर्सबीच्या दोन नंबरच्या टपालमार्गावर एकशे बारा पेट्या होत्या आणि एकोणीस वर्षं एल्व्हेराचं हे असंच चाललं होतं. मिनेसोटातला हिवाळा, त्यात ते बर्फ, तो चिखल. पण तिच्या हाताला अशी लय बसली होती की जणू एका हाताने पोळी लाटावी आणि दुसऱ्याने उलथावी.

हा मार्ग आधी तिच्या नवऱ्याचा, पामरचा. पामर अचानक गेला तेव्हा त्याच्या जागी कधीमधी जाणाऱ्या एल्व्हेराकडेच मार्ग कायमचा आला. गावातल्या कॅफेत लोक म्हणाले, "बाईमाणूस आहे. पहिल्या वादळापर्यंत टिकेल." वादळाची वाटही बघावी लागली नाही. पहिल्याच आठवड्यात आल्टन विग नावाच्या शेतकऱ्याच्या अंगणात पार्सल द्यायला उतरली, तर त्याची हंसीण फूत्कार टाकत अंगावर धावून आली. कवितेतली हंसीण वेगळी आणि शेतावरची वेगळी. एल्व्हेरा पळाली, पार्सल चिखलात, ती पार्सलावर. ती गावात परतण्याआधी ही गोष्ट कॅफेत पोचली होती.

दुसऱ्या दिवशी नोकरी सोडते म्हणून सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. पण त्या दिवशी एका पेटीचा लाल झेंडा वर होता, म्हणजे आत न्यायचं टपाल आहे. आत पत्र नव्हतं, होतं वर्तमानपत्राचं कात्रण. 'प्रेअरी बीकन'मध्ये रोज येणारी 'हाल्सीची डाक' ही चित्रपट्टी. चार चौकटी. हाल्सी नावाचा किडकिडीत पोस्टमन एका घराच्या दारापर्यंत पोचायला बघतो, आणि राणीसाहेब नावाची हंसीण त्याला पोचू देत नाही. रोज नवी युक्ती, रोज नवी फजिती. कडेला कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, "हाही पोचला नाही." नाव नाही, गाव नाही.

एल्व्हेरा गाडीतच बसून हसली, मग थोडी रडली, मग पुढच्या पेटीकडे गेली. पेटी कुणाची हे पाहायचं राहिलं, आणि नोकरीचं बोलायचंही राहूनच गेलं.

ती गोष्ट तिने बोलता बोलता कुणाला तरी सांगितली असावी. कारण नंतर दुसऱ्या पेटीत कात्रण आलं, मग तिसऱ्या. पुढे रिवाजच पडला. हे नॉर्वेहून आलेल्यांचं गाव. इथे मनातलं बोलायची पद्धत नाही. कुणी मेलं तर भट्टीत भाजलेलं कॅसरोलचं जेवण नेऊन द्यायचं, लग्न ठरलं तर बटाट्याच्या पातळ पोळ्या. एल्व्हेराला काय द्यायचं, तर हाल्सी. तिच्या मुलीचं लग्न मोडलं त्या आठवड्यात हाल्सी शिडीवरून पडतानाची चित्रं तिला सव्वीस घरांतून आली. तिला वाटलं, सव्वीस माणसं पाठीवर हात ठेवून गेली. जेवणं टाळून बसली होती, ती उठून सूप करून प्यायली.

१९८१च्या मार्चात, गुरुवारी सकाळी ती टपाल लावत होती, तेव्हा पोस्टमास्तर रोआल्ड एंगेन म्हणाला, "एल्व्हेरा, आपल्या गावातून एकही मतपत्रिका गेली नाही. गंमतच आहे."

"कसली मतपत्रिका?"

"अगं, बीकनची. अठरा चित्रपट्ट्या आहेत, सगळ्यांत कमी मतं पडतील त्या दोन काढून टाकणार. अवकाशात जाणाऱ्या मांजराची नवी पट्टी आणायचीय त्यांना. मंगळवारच्या अंकात छापलंय. शनिवारपर्यंतचा टपालाचा शिक्का हवा, आणि कापलेली मूळ मतपत्रिकाच हवी. फोन नाही, नक्कल नाही."

"मला कशी दिसली नाही?"

रोआल्डने चष्मा वर केला. "कुठून दिसणार? तुझ्या हाल्सीच्या पाठीवरच छापलीय."

एल्व्हेराच्या हातातला गठ्ठा तसाच राहिला. मंगळवारची कात्रणं बुधवारी तिच्या हातात आली होती. चांगली चाळीस. त्या दिवशीचं चित्रही खास होतं: पहिल्यांदाच राणीसाहेब अंगणात नव्हत्या, रस्ता मोकळा होता, आणि हाल्सी दारात जायचं सोडून त्यांना शोधत बसला होता. चाळीसच्या चाळीस कात्रणं घरी बिस्किटांच्या डब्यात होती. एकेचाळिसावं, तिचं स्वतःचं, फ्रिजवर चिकटवलेलं. म्हणजे हाल्सीवर जीव असलेल्या प्रत्येकाने कात्री घेऊन आपलं मत तिच्याच हवाली केलं होतं, आणि तिने ते डब्यात बंद करून ठेवलं होतं!

"परत नेऊन पेटीत टाकते सगळ्यांच्या," ती म्हणाली.

"तिकिटाशिवाय पेटीत काही टाकायचं नाही. सरकारी नियम आहे."

"एकोणीस वर्षं लोक मला बिनतिकिटाची कात्रणं टाकतायत, तेव्हा कुठे होता नियम?"

"तेव्हा मी बघत नव्हतो," रोआल्ड शांतपणे म्हणाला. "आता तू तोंडावर सांगितलंस, म्हणजे बघावं लागणार. दारात जाऊन हातात दे. दाराला नियम नाही."

दारात जा. बोलायला सोपं. एकशे बारा पेट्यांशी तिची ओळख होती, दारांशी कुठे? दुपारी वाटप संपल्यावर ती डबा, पाकिटं आणि तिकिटं घेऊन पुन्हा निघाली.

पहिलं दार डोरोथिया हाउगेनचं. डोरोथियाने कात्रण उलटून पाहिलं आणि म्हणाली, "दिसलं होतं गं मला हे."

"मग पाठवलं का नाहीस?"

"पाठवलं असतं तर तुला चित्र कसलं दिलं असतं? आणि मी एकटीने कशाला पुढे पुढे करायचं? देतील की बाकीचे, म्हटलं."

पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरीही तेच. बाकीचे देतील, असं सगळ्यांना वाटलं होतं, आणि बाकीचे म्हणजे तेच होते.

खरी अडचण कॉफीची. या गावात कॉफी विचारली की पहिल्यांदा 'नको' म्हणायचं, दुसऱ्यांदा 'कशाला त्रास' म्हणायचं आणि तिसऱ्यांदा बसायचं. निघतानाही तसंच, 'चला' म्हटल्यावर अर्धा तास दारात. या हिशेबाने चाळीस घरं व्हायला इस्टर उजाडला असता. चौथ्या घरी एल्व्हेराने पहिल्याच विचारण्याला "हो, दे पटकन" म्हटलं. मर्टल स्कोगच्या हातातली किटली थबकली.

"बरं आहे ना गं तुला?" तिने काळजीने विचारलं.

"मला काही झालं नाही. हाल्सी मरायला टेकलाय. कॉफी ओत आणि खूण कर."

मर्टलने कॉफी ओतली ती थेट मतपत्रिकेवर. पुसली, वाळवली, पाकिटात घातली. "आणि तुझं चित्र?" तिने विचारलं. "हे पाठवलं तर तुझ्याकडे काय राहणार?"

"उद्या नवीन येईल," एल्व्हेरा म्हणाली. "आलं तर."

गुरुवारी चौदा घरं आणि अकरा कप झाले. शुक्रवारी सव्वीस घरं. कप मोजणं तिने सोडून दिलं. घरी येऊन स्वतःचं कात्रण फ्रिजवरून काढलं, पाठीवर खूण केली. फ्रिजवर उरलं एकच, एकोणीस वर्षांपूर्वीचं ते पहिलं, पिवळं पडलेलं. त्याच्याकडे बघताना तिच्या लक्षात आलं की एक वाचक अजून राहिलाय.

आल्टन विग बीकन घ्यायचा. त्याचा अंक तीच टाकायची. पण त्याच्या पेटीत तिला कधी कात्रण मिळालं नव्हतं, निदान ते पहिलं, कुणाचं हे न कळलेलं कात्रण सोडलं तर. ऐंशीच्या घरातला, एकटा, तिरसट. पार्सल असलं की ती फाटकातून हॉर्न वाजवायची आणि तो कुरकुरत येऊन घेऊन जायचा. कारण अंगणात अजूनही हंसीण होती. पहिलीची पणती असेल, पण स्वभाव घराण्याचा.

शनिवारी दहा वाजता ती त्याच्या फाटकाशी थांबली. बारा वाजता शिक्के बंद होणार. हॉर्नवर हात गेला, आणि तिने तो मागे घेतला. मत मागायचं आणि वर माणसाला फाटकापर्यंत चालत आणायचं, हे काही बरं नाही.

फाटक उघडलं. हंसीण मान जमिनीसरशी करून आली. एल्व्हेराच्या पायांनी पळायचं ठरवलंच होतं, पण गेल्या एकोणीस वर्षांत तिने हजारो वेळा हाल्सीला पळताना पाहिलं होतं. पळालं की हंसीण मागे लागते, हे त्या बिचाऱ्याला कधी कळलं नाही. एल्व्हेरा पळाली नाही. सावकाश चालत राहिली. हंसिणीने कोटाचं टोक चोचीत धरलं. ती तरीही चालत राहिली, आणि हंसीण कोटाला लोंबकळत, पंख आपटत, फरफटत मागे.

आल्टनने दार उघडलं. आधी तिला पाहिलं, मग कोटाला.

"तू आत ये, पोरी," तो म्हणाला. सत्तावन्न वर्षांच्या पोरीला. "तिला बाहेर ठेव."

टेबलावर मंगळवारचा बीकन न कापलेला पडला होता.

"मिस्टर विग, तुमचं मत राहिलंय."

"मी मत राष्ट्राध्यक्षाला देतो. बदकाला नाही."

"हंसीण आहे ती."

"जे काय असेल ते. कॉफी?"

"नको," ती सवयीने म्हणाली. त्याने दुसऱ्यांदा विचारलंच नाही, सरळ ओतली. मग एल्व्हेराने विचारलं, "पहिल्या वर्षी मला एक कात्रण आलं होतं. माझी फजिती झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी. ते तुम्हीच टाकलं होतं का?"

"कात्री गुड्रूनची होती," तो म्हणाला. गुड्रून म्हणजे त्याची बायको, जाऊन बारा वर्षं झालेली. "पेन्सिल माझी."

मग त्याने ड्रॉवरमधून तीच कात्री काढली, हाल्सीला चारी बाजूंनी नीट कापलं आणि पाठीवर दाबून खूण केली. "पाकीट आण," तो म्हणाला. "आणि तिकीट तुझ्याकडचं लाव. पोस्टात काम करतेस ना?"

बारा वाजायला सहा मिनिटं असताना रोआल्डने बेचाळिसाव्या पाकिटावर शिक्का मारला.

पुढच्या शनिवारी निकाल लागला. हाल्सी सोळावा. नऊ मतांनी वाचला. संपादकांनी खाली एक ओळ टाकली होती: टॉर्सबीहून आलेल्या बेचाळीस मतपत्रिकांपैकी तेवीसवर कॉफीचे डाग होते, तरी त्या ग्राह्य धरण्यात आल्या. कॅफेत ती ओळ मोठ्याने वाचली गेली आणि मर्टल स्कोगने मान उंच करून सगळ्यांकडे पाहिलं.

सोमवारी पेट्यांत पुन्हा कात्रणं आली, नेहमीपेक्षा जास्त. प्रत्येकाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेलं, "मागे पाहिलंय. काही नाही."

आल्टन विगच्याही पेटीचा झेंडा वर होता. आत एक कात्रण. पण त्यावर कोपऱ्यात चक्क टपालाचं तिकीट चिकटवलेलं होतं, आणि खाली पत्ता: एल्व्हेरा, मार्ग दोन.

तिने ते ऑफिसात नेऊन रोआल्डपुढे ठेवलं. रोआल्डने ते दिव्याखाली धरलं. मग शिक्का उचलला आणि तिकिटावर ठोकला.

"तिकीट आहे, पत्ता आहे, म्हणजे टपाल आहे," तो म्हणाला. "पोचवलंच पाहिजे." आणि काउंटरवरून त्याने ते तिच्याकडे सरकवलं.

तिने उलटून पाहिलं. पाठीवर खताची जाहिरात होती, आणि तिच्यावर आडवं, जाड पेन्सिलीने लिहिलेलं: "तू पोचलीस."