बरणीतली सोनेरी मेणबत्ती

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि दवाखान्याच्या प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ लिओनिला गाबुतान काचेची बशी खिडकीशी तिरपी धरून न्याहाळत होती. बशीतला थर चॉकलेटच्या रंगाचा, मेंढीच्या तापवलेल्या रक्ताचा. दोन दिवसांत त्यावर परम्याच्या, म्हणजे गनोरियाच्या, जंतूचे करडे ठिपके उठायला हवे होते. एकही नव्हता.

सेबू बेटावरच्या त्या बंदरगावात बारमध्ये काम करणाऱ्या बायका दर आठवड्याला पालिकेच्या दवाखान्यात तपासणीला येतात. कार्डावर शिक्का असला तरच त्यांना कामावर घेतात. ही बशी जोव्हेलिन माग्लासांगची होती. ती बारमध्ये गाते. सप्टेंबरात तिला परमा निघाला, नेहमीचं इंजेक्शन दिलं, आणि महिन्याभरात दुखणं पुन्हा हजर. मधल्या काळात आपण कुणाजवळ गेलो नाही, नवरा ऑगस्टपासून जहाजावर आहे, असं ती सांगत होती. दवाखान्याचे डॉक्टर आबेया ऐकून घेत. पण असं सगळ्याच सांगतात, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. बारच्या मालकिणीने तर दुसरी गाणारी शोधायला सुरुवात केली होती.

खरंखोटं कळायला एकच वाट होती. जोव्हेलिनचा सप्टेंबरातला जंतू मनिलाच्या प्रयोगशाळेत गोठवून ठेवलेला होता. आताचा जिवंत हाती आला, तर दोघांची जनुकं ताडून पाहता आली असती. वेगळा निघाला तर नवी लागण. तोच निघाला तर जोव्हेलिन खरं बोलत होती आणि औषधच लागू पडलं नव्हतं.

आणि जंतू मेला होता. का मेला, हे लिओनिलाला बरणीतली विझलेली सोनेरी मेणबत्ती पाहिल्यावर कळलं.

या जंतूला मोकळी हवा सोसत नाही. म्हणून बशा मोठ्या बरणीत ठेवून आत मेणबत्ती पेटवतात आणि झाकण घट्ट लावतात. आतली हवा जंतूला मानवेल अशी झाली की मेणबत्ती आपोआप विझते. मेणबत्ती पांढरी हवी, बिनवासाची. पण नोव्हेंबरचा पहिला आठवडा. गावातल्या साऱ्या पांढऱ्या मेणबत्त्या लोकांनी आपापल्या मृतांसाठी कबरस्तानात नेलेल्या. चर्चच्या दारातल्या बाईकडे रंगीत तेवढ्या उरल्या होत्या: हिरवी यशासाठी, लाल प्रेमासाठी, सोनेरी दुखणं बरं व्हावं म्हणून. लिओनिलाने हुंगून पाहिलं, वास नव्हता. पोरीचं दुखणं आहे, तर सोनेरीच घेऊ, असं मनात आणून तिने ती घेतली. रंगातही विष असू शकतं, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं नाही.

आठ वाजता जोव्हेलिन डॉक्टरांपुढे बसली होती आणि नव्या औषधाची सुई भरून तयार होती. ते एकदा अंगात गेलं की जंतू पुन्हा हाती लागण्याची आशा संपली. लिओनिलाने आत जाऊन मेणबत्तीची गोष्ट सांगितली, काही न वगळता, आणि आणखी एक नमुना मागितला. त्या तपासणीचं दुखणं काय असतं, हे तिला ठाऊक होतं. पोरगी उठून चालती झाली असती तरी तिला बोल लावता आला नसता.

जोव्हेलिन हसू लागली. लिओनिलाला ती, दवाखान्यातल्या सगळ्यांसारखी, नांग लोनी म्हणजे लोनीताई म्हणत असे.

"नांग लोनी, सोनेरी मेणबत्ती गुणाची आहे की. बशीतलं दुखणं दोन दिवसांत बरं केलं. माझ्या पोटातल्याकडे बघायला तिला सवड झाली नाही, एवढंच."

"हस बाई, हस. तुझा हक्क आहे."

"हसते नाहीतर काय करू? घ्या नमुना. पण या खेपेला नवस बोलू नका."

डॉक्टरांनी आधी नमुना घेतला, मग सुई टोचली. पांढरी मेणबत्ती लिओनिलाने स्वतःच्या घरातून आणली, देव्हाऱ्यापुढची. तिसऱ्या दिवशी बशीत ठिपके उठले. तिने बशी दोनदा उजेडात फिरवली आणि मग जंतू मनिलाला पाठवायची तयारी केली.

मनिलाहून उत्तर यायला बारा दिवस लागले. जंतू तोच होता, आणि नेहमीच्या औषधाला दाद न देणारा. डॉक्टर आबेयांनी जोव्हेलिनला बोलावून घेतलं आणि आपण तिच्यावर विश्वास ठेवला नाही याबद्दल माफी मागितली. मग बारच्या मालकिणीला तिच्यासमोरच फोन लावून सांगितलं की चूक औषधाची होती, गाणारीची नाही. जहाजावरच्या नवऱ्यालाही तपासायचा निरोप गेला.

जाताना जोव्हेलिन केळीच्या पानात बांधलेला गोड चिकट भात लिओनिलाच्या टेबलावर ठेवून गेली. आभार कुणी कुणाचे मानायचे, यावर दोघींची दारातच थोडी वादावादी झाली. भात लिओनिलाने सगळ्यांना वाटला आणि डॉक्टरांना मुद्दाम मोठा वाटा दिला.

उद्या बुधवार. नवं औषध लागू पडलं का हे पाहायला जोव्हेलिनची फेरतपासणी आहे, आणि दवाखाना आठ वाजता उघडतो.