मुंढ्यात अडकलेली जाकिटं

माझ्या सासूबाईंना अख्खी गल्ली टेलरकाकू म्हणते. घराच्या तळमजल्यावर त्यांचं दुकान आहे. कापड कापायचं एक लांब टेबल, दोन मशिनं, ट्रायलचा पडदा आणि एक आरसा, ज्यात सगळेच जरा बारीक दिसतात. हा आरसा मुद्दाम निवडलाय का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "गिऱ्हाईक खूश होऊन जातंय ना? मग तुझ्या पोटात का दुखतंय?"

त्यांची एक खोड होती, तिला त्या पद्धत म्हणत. माप एकदाच घ्यायचं आणि डोक्यात ठेवायचं. कागदावर काही लिहायचं नाही. त्याच माणसाला पुन्हा टेप लावणं हा त्यांना स्वतःचा अपमान वाटायचा. कुणी खूप वर्षांनी कापड घेऊन आलं की त्या चष्म्याच्या वरून एक नजर टाकत, "पोटाला जरा सुटलायस" एवढंच म्हणत आणि खडू उचलत. समोरच्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, पण कपडा असा बसायचा की तो बिचारा काही बोलू शकायचा नाही.

मग एकदा त्यांनी एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्या. माणूस पडद्यामागून बाहेर आला तेव्हा त्याचा उजवा हात रुसून बसल्यासारखा मागे वळला होता. मला हसू आवरेना, सासूबाईंना मात्र दोन दिवस जेवण गेलं नाही. पुढे इस्त्री चालू ठेवून त्या वर आल्या आणि टेबलाला भोक पडलं. नेहमीच्या गिऱ्हाइकांची नावं ओठांवर येऊन अडकायला लागली. माझा नवरा त्यांचा एकुलता एक मुलगा, आणि तो एकदा काळजी करायला लागला की घरात मोठ्याने हसायचीही चोरी होते. तो म्हणाला, "आई, पुरे आता. जागा भाड्याने देऊ. एखाद्या दिवशी घराला आग लागेल."

आम्ही त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी बरेच प्रश्न विचारले, आकडे उलटे म्हणायला लावले, तपासण्या केल्या. घाबरण्यासारखं काही निघालं नाही. "पण दिवसभर वाकून बसता, अंगाला काही काम नाही. नुसतं फिरून भागायचं नाही, वजनं उचला. स्नायू कामाला लागले की डोक्यालाही फायदा होतो असं अभ्यासांत दिसतंय."

"या वयात मी काय पहिलवान होऊ?"

"व्हा की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुणी अडवलंय?"

जिम कोपऱ्यावरच्या बेकरीच्या वर होती. सकाळी खालून पावाचा खरपूस वास यायचा आणि वर सगळ्याजणी घाम गाळायच्या. सकाळची बॅच फक्त वयस्क बायकांची. त्यातल्या सगळ्याच सासूबाईंची जुनी गिऱ्हाइकं. सगळ्यांत पुढे हेडबाई. त्या शाळेतून निवृत्त होऊन जमाना झाला, पण समोर कुणी वाकून उभं राहिलं की अजूनही "सरळ!" म्हणून ओरडतात. ट्रेनर मुलगी हसतमुख, पण सोडणारी नव्हती. पहिल्या दिवशी सासूबाईंनी तिच्या ट्रॅकपँटची शिलाई कशी वाकडी आहे हे तिला सविस्तर सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांच्या हातात डंबेल दिले.

"काकू, खुर्चीत बसायचं नाटक करायचं. पण बसायचं नाही."

"मग खुर्ची ठेवलीयस कशाला?"

"मोह व्हावा म्हणून."

पहिला आठवडा त्या जिना उतरताना प्रत्येक पायरीला त्या मुलीचा उद्धार करायच्या. दुसऱ्या दिवशी मात्र आम्ही उठायच्या आत तयार. ट्रेनरची आणखी एक तऱ्हा होती. वजन वर नेताना आठवड्याचे वार उलटे म्हणायचे, नाहीतर कालच्या जेवणात काय काय होतं ते सांगायचं. हेडबाई कुणाचाही वार चुकू द्यायच्या नाहीत. सासूबाई घरी येऊन भांडी घासताना पुटपुटत बसायच्या. मला वाटायचं, माझ्या नावाने काहीतरी चाललंय.

काही महिन्यांत त्या बदलल्या. हे मी प्रेमापोटी म्हणत नाही, आमचं तेवढं गूळपीठ नाही. शिलाई मशीन सरकवायला त्या मला हाक मारेनाशा झाल्या. लोणच्याच्या बरणीचं झाकण नवऱ्याला उघडेना, तेव्हा त्यांनी ती हातातून काढून घेतली, उघडली आणि काही न बोलता परत दिली. न बोलणं जास्त लागलं त्याला. गल्लीतल्या लोकांची नावं पुन्हा पटापट यायला लागली. मी महिन्यापूर्वी त्यांना काय उलट बोलले होते तेही त्यांना शब्दन् शब्द आठवायला लागलं. व्यायामाचे तोटेही असतात.

नवऱ्याची मात्र खात्री पटेना. जागेसाठी एक मोबाइल दुरुस्तीवाला येऊन बघूनही गेला. तेव्हा सासूबाईंनी सरळ पैज लावली. जिमच्या वार्षिक कार्यक्रमासाठी सकाळच्या बॅचला एकसारखी जाकिटं हवी होती. "सगळी मी शिवते," त्या म्हणाल्या, "माझ्या पद्धतीने. नीट बसली तर पुन्हा दुकानाचा विषय काढायचा नाही. चुकली तर शटर मी स्वतः ओढेन."

"माप तरी पुन्हा घ्या," मी म्हटलं.

"का? मला आठवत नाही असं वाटतं तुला?"

असल्या प्रश्नाला उत्तर देऊन कुणाचं भलं झालंय?

त्यांनी जीव तोडून काम केलं. बाह्या प्रत्येक वेळी टेबलावर समोरासमोर ठेवून तपासल्या. इस्त्रीचं बटण बंद केलं की मोठ्याने जाहीर करायच्या, "बंद केली!" वरून आम्ही ओरडायचो, "ऐकलं!" जाकिटं तयार झाली तेव्हा एकेक टाका बघत राहावा अशी होती.

ट्रायल जिममध्येच होती. नवरा मुद्दाम आला, भिंतीला टेकून उभा राहिला. पहिलं जाकीट हेडबाईंचं. त्यांनी एक हात घातला, दुसरा घातला, आणि तो मुंढ्यातच, बाही खांद्याला जोडतात तिथे, अडकला. खांद्यावर कापड ताणून करकरलं, आणि कमरेशी एवढं सैल की आत उशी मावली असती. दुसरीचं तेच. तिसरीच्या दंडावरची शिवण टर्रकन उसवली. खालच्या बेकरीतले ट्रे आपटल्याचा आवाज तेवढा येत होता.

सासूबाईंचा चेहरा मला बघवेना. त्यांचं माझं कितीही वाजलं तरी त्यांना असं चारचौघांत लहान झालेलं बघायची माझी तयारी नव्हती. नवऱ्यालाही जिंकल्याचा आनंद दिसत नव्हता. तो पुढे झाला. "जाऊ दे आई. घरी चल."

"थांब," त्या म्हणाल्या.

त्या एकीकडून दुसरीकडे बघत राहिल्या. मग पिशवीतून टेप काढली. त्यांना जुन्या गिऱ्हाइकाला टेप लावताना मी पहिल्यांदा बघत होते.

"हेडबाई, हात वर."

खांदा मोजला, दंड मोजला, कंबर मोजली. मग दुसरीला, तिसरीला. कपाळावरची आठी हळूहळू सुटत गेली. "विसरणारा माणूस कसाही चुकतो," त्या मुलाकडे वळून म्हणाल्या, "एकीला सैल, दुसरीला घट्ट. इथे सगळी जाकिटं एकाच तऱ्हेने चुकलीत. खांद्याला घट्ट, कमरेला ढगळ. रोज एकमेकींना त्या ढगळ टी-शर्टमध्ये बघत होतो, कळलंच नाही. मापं माझी बरोबर होती रे. या बयाच बदलल्यात!"

हेडबाईंनी अडकलेल्या जाकिटातच दंड फुगवून दाखवला आणि त्याचीही शिवण गेली. सगळ्याजणी हसून हसून गाद्यांवर बसल्या. ट्रेनर तर डोळे पुसत होती.

सासूबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. "पण जाकिटं चुकली ती चुकलीच. मस्ती नडली माझी. टेप लावली असती तर?" शिवणीत त्यांनी भरपूर माया ठेवली होती, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, त्यामुळे खांदे सोडवता येणार होते. घरी आल्याबरोबर त्या दुकानात गेल्या आणि उसवायला बसल्या. थोड्या वेळाने मला म्हणाल्या, "नव्याने घेतलेली सगळी मापं आहेत हं डोक्यात. विचार हवं तर." मी विचारलं नाही. त्यांच्या आवाजावरूनच कळत होतं.

नवरा दारात घुटमळत होता. शटरचा विषय कुणालाच काढायचा नव्हता. शेवटी त्यांनीच हाक मारली.

"ये इकडे. उभा राहा."

"मी कशाला? मी रेडीमेड घालतो."

"उभा राहा म्हटलं ना."

त्यांनी त्याच्या खांद्यावरून टेप टाकली. छाती घेतली, बाही घेतली, पाठ घेतली. मग टेप तशीच धरून थांबल्या.

"काय झालं?" तो म्हणाला. "पोटाला सुटलोय ना?"

"नाही. हे तुझ्या बाबांचं माप आहे," त्या म्हणाल्या. "शेवटचा कोट शिवला होता ना त्यांचा, त्याचं. बाहीसुद्धा तेवढीच."

सासरे जाऊन इतकी वर्षं झाली की आमच्या मुलांना ते फोटोतच माहीत. नवरा हात पसरून तसाच उभा राहिला, खाली घ्यायचं विसरून.

"कापड कुठलं आणू, आई?" त्याने विचारलं. "मला कोट शिवायचाय."

"आधी हात खाली घे," सासूबाई म्हणाल्या. "आणि घाई करू नकोस. हेडबाईंचं काम आधी आहे."