आईनं अंगठा पुसला

गणिताच्या सरांनी माझ्या डोक्यावर बोटाच्या पेरानं ठोकलं. दोनदा. बाजारात बाया मडकं वाजवून बघतात तसं. मग वर्गाकडं वळून म्हणाले, "ऐकलं का? कोरडी हीर हाय. कितीबी खांदा, पाणी लागायचं न्हाई."

वर्ग हसला. मीपण हसले. आज सगळ्यात जास्त लाज वाटते ती त्या माझ्या हसण्याची.

मी नववीत होते. चौदा वर्षांची. त्या साली पाऊस पडलाच नव्हता. आमच्या आष्टी तालुक्यात ऊस वाळून गेलता, जवळचा कारखाना बंद. म्हणून आईबाप दूर पश्चिमेकडं ऊसतोडीला गेले. मलाही नेलं. दिवाळीनंतर गेले ते शिमग्याला परत आले. मधल्या चार महिन्यांत वर्गात बीजगणित शिकवून झालं होतं. फळ्यावरचं गणित मला आलं नाही. एवढाच गुन्हा.

सर पुढं म्हणाले, "ह्यांच्या डोक्याची वाढ बाराव्या वर्षीच थांबती."

'ह्यांच्या' म्हणजे कुणाच्या, हे सगळ्या वर्गाला कळलं. निळ्या झेंड्याच्या वस्तीतल्या आम्ही दोघीच होतो. मी आणि सुनंदा.

मला ते खरं वाटलं. किती दिवस खरं वाटलं. पुस्तक उघडलं की अक्षरं हलायची. वाटायचं, थांबलंय. आता काही आत जायचं नाही.

पण खरं तर त्याच वर्षी माझ्या डोक्यात 'कावून' घुसला होता, आमच्या बोलीतला 'का'. आधी जे दिसायचं ते नुसतं दिसायचं. आता टोचायला लागलं. टँकर आधी वरच्या आळीला कावून? आमच्या वाट्याला तळाचा गाळ कावून? फडावर मुकादमाला विचारलं, आईचा ताप उतरला न्हाई तरी तिनं कोयता कावून धरायचा? तो बापाला म्हणाला, "पोरगी लई बोलाया लागली, उजवून टाक."

एकाच पोरीला फडात लई बोलकी म्हणायचे, शाळेत मठ्ठ.

शाळा संस्थेची. संस्थेचे अध्यक्ष त्याच बंद कारखान्याचे संचालक. वार्षिक परीक्षेच्या आधी हेडमास्तरांनी आईला बोलावलं. त्यांनी तिला उभंच ठेवलं. म्हणाले, "आपल्या शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के असतो. ही बसली की घसरल. हिला काढून घ्या, बाहेरून परीक्षा देऊ द्या. बाई, करा अंगठा."

अर्ज आधीच लिहून तयार होता. आईनं शाईत अंगठा बुडवला. मी कागद ओढून घेतला.

"ठिव तो खाली," हेडमास्तर म्हणाले.

मी मोठ्यानं वाचायला लागले. "माझ्या मुलीची बौद्धिक वाढ वयाप्रमाणे झालेली नसल्याने मी तिला स्वखुशीने शाळेतून काढून घेत आहे."

आईनं विचारलं, "म्हंजी काय गं?"

"म्हंजी तुझी पोरगी येडी हाय, आसं तू लिहून देतीस."

शाईचा अंगठा आईनं लुगड्याला पुसला. चांगला घासून.

मी म्हणाले, "सर, हे मला वाचता आलं. समजलंबी. समजलं म्हणूनच आमी न्हाई म्हणतोय."

त्यांनी मला नववीत नापास केलं. मी परत त्याच वर्गात बसले, धाकट्या पोरींच्या मागं. सुनंदाच्या आईला त्यांनी एकटीलाच बोलावलं, वाचून दाखवणारं कुणी नव्हतं. तिचा अंगठा उठला. पाऊस पडायच्या आत सुनंदाचं लग्न लागलं.

मी शिकले. शिक्षिका झाले. एका प्रशिक्षणात डॉक्टरबाई सांगत होत्या की चौदा-पंधराव्या वर्षी मेंदू तयार झालेला नसतो, पुढं कितीतरी वर्षं तो घडत असतो. जे वापरलं जातं ते पक्कं होतं, जे पडून राहतं ते गळून जातं. सगळे लिहून घेत होते. माझा पेन हलेना. मला सुनंदा दिसत होती.

गणिताच्या सरांना हे माहीत नव्हतं, असं मी मानत नाही. त्यांचा पोरगा आमच्याच वयाचा, गणितात नापास. त्याला बीडला शिकवणी लावली होती. सर म्हणायचे, "लहान हाय आजून. यील समज."

त्याला समज येणार होती. आमची थांबली होती.

मी माफ केलेलं नाही. करणारही नाही. माझ्या वर्गातली निम्मी बाकं आजही दिवाळीनंतर रिकामी होतात. पोरी परत येतात, हाताला उसाच्या पात्याचे चरे घेऊन. मी त्यांना राहिलेलं सगळं पहिल्यापासून शिकवते. त्यांचा 'कावून' मी गप्प करत नाही. तो माझ्यावर उलटला तरी चालेल.

कुणाच्या डोक्याचा निकाल चौदाव्या वर्षी लावायला जो कुणी येईल, त्यानं आधी माझ्याशी भांडावं.