अक्काची धाकटी

मोना सोळा वर्षांची झाली. तिच्या अंगावरचा प्रत्येक कपडा माझ्या हाताखालून गेलाय, पण मी तिला मापाची पट्टी कधी लावली नाही. लावायची वेळच आली नाही. तिच्या थोरल्या बहिणीचा, दानेश्वरीचा, ड्रेस यायचा. त्यांची आई शांतव्वा, पोरींची अव्वा, तो माझ्या मशीनवर टाकायची आणि म्हणायची, "दोनी बाजूनं दाब की जरा, धाकटीला व्हईल." मी दाबून द्यायचे आणि धाकटीला व्हायचा.

माझं शिलाईचं दुकान गवळी गल्लीत, सोमलिंग गवळ्याच्या गोठ्याच्या बरोबर समोर. गेली अठरा वर्षं त्या गोठ्यातलं सगळं मला दिसतं, आणि जे दिसत नाही ते ऐकू येतं. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी स्वतः चार बहिणींतली शेवटची. तेव्हा मी कुणाच्या बाजूनं बोलणार हे उघड आहे. कुणाला पटत नसेल तर त्यानं खुशाल अक्काकडं जावं, सगळं कोल्हापूर तिकडंच जातं.

अक्का म्हणजे दानेश्वरी. वय चोवीस, उंची बापाएवढी आणि आवाज बापाच्या दुप्पट. पाच वर्षांमागं सोमलिंग गोठ्यात शेणावरनं घसरला आणि कमरेतनं बसला तो बसलाच. घरात चार म्हशी. त्या विकायच्या ठरल्या. व्यापारी हातात दोर घेऊन दारात उभा, तेवढ्यात ही पोरगी कॉलेजातनं आली. पिशवी टाकली, व्यापाऱ्याच्या हातातला दोर काढून घेतला आणि म्हणाली, "पावणं, च्या घ्या आन् सुटा." तो चहासुद्धा न घेता गेला. आज गोठ्यात अकरा म्हशी आहेत. संध्याकाळी दूध कट्ट्यावर सगळे बाप्ये गवळी धारा काढत असतात, त्यांच्यात मधोमध ही बसते आणि तिच्यापुढं ग्लास घेऊन उभं राहणाऱ्यांची रांग सगळ्यांत मोठी असते.

भांडायला तर ती एक नंबर. पाणी आलं नाही, भांडली. गटार तुंबलं, भांडली. दुधात पाणी घालतेस म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तिनं गोठ्यात नेलं, म्हशीखाली बसवलं आणि म्हणाली, "काढा आता, कुठनं पाणी येतंय बघू." गल्लीतल्या भांडणात दोन्हीकडची माणसं "अक्काला बोलवा" म्हणतात. अशा घरात धाकटं व्हायचं म्हणजे वडाखाली तुळस लावण्यातली गत.

मोना दहावीला अठ्ठ्याऐंशी टक्के पाडून आली. पेढे द्यायला माझ्याकडं आली तेव्हा दुकानात बसलेली धोंडुबाई म्हणाली, "अक्काची भन न्हवं? मग हुशार आसणारच की!" पोरीनं पेढ्याचा पुडा तसाच मिटला. पास झाली तर अक्काचं रक्त, नापास झाली असती तर अक्काचं नाक. हिचं स्वतःचं काही नाहीच.

जळायची ती. लपवायची नाही, निदान माझ्यापाशी तरी नाही. एकदा काजं करायला बसली होती. सुई थांबवून म्हणाली, "काकू, तिला एकदा ताप येऊ दे की. जास्त न्हाय, नुसता ताप." आणि खरंच पुढच्या महिन्यात अक्काला ताप आला. झालं काय, तर निम्मी गल्ली शहाळी घेऊन दारात. कुणी सूप आणलं, कुणी अंगारा आणला. मोना मला म्हणाली, "मला डेंगू झालता तवा अव्वानं गोळी दिली आन् शेण काढाय लावलं." मला हसू आलं, पण तिला आलं नव्हतं.

त्या घरात एकच गोष्ट मोनाची होती. चंद्री. चंद्रीची आई वीत असतानाच गेली. ते रेडकू मोनानं वाढवलं. दुधात बोट बुडवून बोट चोखायला द्यायची. थंडीत आपली शाल त्याच्यावर टाकायची आणि सकाळी त्यासाठी मार खायची. तीन वर्षांत चंद्री अशी झाली, की वाटेनं जाणारा गवळी थांबून बघावा. लांब, मागं वळलेली शिंगं आणि कपाळावर पांढरा ठिपका. रोज दुपारी कॉलेजातनं आलं की मोना तिला पंचगंगेवर न्यायची, धुवायची आणि आणायची.

आमच्या गल्लीचा पाडवा बाहेरच्या माणसाला सांगून खरा वाटत नाही. दिवाळीच्या पाडव्याला गवळी म्हशी सजवतात आणि रस्त्यावर पळवतात. म्हशी भादरायच्या, तेल चोळून काळ्या कुळकुळीत करायच्या, शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांची माळ बांधायची. मग मालकानं मोटरसायकलच्या सायलेन्सरची पुंगळी काढायची, म्हणजे गाडी तोफेगत वाजते, आणि पुढं सुटायचं. मागनं म्हैस पळत येते. तिला दोर नसतो, काठी नसते. मालकाच्या हाकेवर ती येते, आणि म्हणून तर सगळी बघायला जमतात. ज्याची म्हैस हाकेला आली त्याची कॉलर वर्षभर ताठ.

गेल्या वर्षी चंद्री पहिल्यांदा पळाली. तिच्या पुढं बापाच्या जुन्या यामाहावर अक्का होती, फेटा बांधून. पोरी म्हशी पळवत नाहीत, अक्का पळवते. तिचा व्हिडिओ कुठल्या कुठं गेला. मोना त्या वेळी माझ्या दुकानापुढं उभी होती, हातात अक्काच्या चपला घेऊन.

यंदा दसऱ्याच्या आधी मी ब्लाऊज द्यायला गोठ्यात गेले होते. अक्का धार काढत होती. मोना खांबाला टेकून उभी होती, आणि ती आधी मनात दहा वेळा म्हणून आली होती हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

"अक्का, औंदा चंद्री मी पळवतो."

अक्कानं मान वर केली नाही. "गाडी येती व्हय तुला?"

"शिकलोय. शेजारच्या धैर्यशीलदादानं शिकवली."

"गल्लीत शिकून भागत न्हाय. पब्लिक आसतंय. म्हैस बुजली तर कोन धरनार?"

"माझं ऐकती ती."

"तुझं ऐकती पेंडीसाठी. पळताना माझं ऐकती." बादली उचलून अक्का उठली. जाता जाता तिनं मोनाच्या डोक्यावर टपली मारली. "पुढच्या वर्षी बघू."

रागावली असती तरी एक वेळ बरं, पण तिनं टपली मारली. मला माझ्या थोरलीची आठवण आली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. "पुढच्या वर्षी बघू" या वाक्यावर आम्हा धाकट्यांचं निम्मं आयुष्य गेलेलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मोना नदीवरनं येताना माझ्या दुकानापुढच्या खांबापाशी थांबायला लागली. ओढणीच्या टोकाला गुळाचा खडा बांधलेला असायचा. जिभेनं 'टक्' करायची, खडा सोडायची आणि चंद्रीला चारायची. रोज तोच खांब, रोज तेच 'टक्'. आठवड्यात अशी गत झाली, की खांब आला की चंद्री आपोआप थांबायची आणि ओढणीत तोंड खुपसायची.

मी विचारलं, "काय गं, काय चारतेस तिला?"

"गूळ हाय काकू. अशक्त झालीया जरा."

अशक्त! ढोलासारखी तट्ट फुगलेली म्हैस. पाडव्याआधी तीन दिवस मात्र गूळ बंद झाला. चंद्री खांबापाशी थांबायची, ओढणी हुंगायची, हंबरायची, आणि मोना तिला तशीच ओढत न्यायची. मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मी तोंड शिवून बसले. खरं सांगायचं तर मला बघायचं होतं.

पाडव्याला सकाळपासून मोना चंद्रीला सजवत होती. भादरली तिनं, तेल लावलं तिनं, आणि पाठीवर पांढऱ्या रंगानं नाव काढलं तेही तिनंच. अक्षर सुरेख आहे पोरीचं. काढलं काय, तर 'अक्का ग्रुप'. शांतव्वानं सांगितलं होतं तसं.

चारच्या सुमाराला रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसांची भिंत झाली. मंडळाचा ज्ञानू माईक घेऊन ओरडत होता. पाच-सहा म्हशी गेल्या, आणि मग ती यामाहा वाजली. "आली, आली, आपली अक्का आली!" ज्ञानूचा आवाज फुटला. फेट्याचा शेमला उडतोय, एक हात हँडलवर, एक हात वर, "चंद्रे, हुर्रर्र!" आणि मागं चंद्री, शेपटी उभारून, धुरळा उडवत. खोटं कशाला बोलू, बघताना माझ्या अंगावर काटा आला.

मोना खांबापाशी उभी होती. हात ओढणीत.

'टक्' मला ऐकू आलं नाही. त्या गोंगाटात कुणालाच आलं नसेल. पण चंद्रीनं चारी पाय रोवले, गर्रकन वळली आणि मोनाच्या ओढणीत तोंड घातलं. अक्का तशीच पुढं. पन्नास पावलं पुढं गेल्यावर, लोक का हसताहेत म्हणून तिनं मागं बघितलं.

"अक्का, म्हैस इसरली की!" कुणीतरी ओरडलं आणि सगळा रस्ता हसला. अक्कानं हाक मारली. पुन्हा मारली. चंद्री गूळ खात होती. अक्काला लोक हसताहेत हे गल्लीनं पहिल्यांदा बघितलं. मोनाचे गाल लाल झाले होते, आणि जे पाहिजे होतं ते मिळालं हे तिच्या डोळ्यांत मावत नव्हतं.

पण अक्का ती अक्का. गाडी वळवून आली. क्षणभर तिचं तोंड काळं ठिक्कर पडलेलं मी पाहिलं. मग तिनं लोकांकडं बघितलं, मोठ्यांदा हसली, गाडीवरनं उतरली आणि डोक्यावरचा फेटा काढून मोनाच्या डोक्यावर ठेवला.

"बगताय काय? म्हैस तिचीच हाय. तिनंच वाढवलीया. मीच म्हटलंतं तिला, औंदा तू पळीव. घे गं, बस गाडीवर."

काय टाळ्या पडल्या! शिट्ट्या काय! ज्ञानू माईकवर म्हणाला, "ह्येला म्हनत्यात मन! हाय का आशी भन कुनाची?" म्हातारे गवळी माना डोलवायला लागले. दोन मिनिटांपूर्वी हसणारी माणसं अक्काच्या नावानं ओरडायला लागली. मोनाचा हात चंद्रीच्या मानेवर होता आणि चेहरा चोरी झाल्यासारखा.

ती गाडीवर बसली. न बसून काय करणार, वर्षभर त्यासाठीच झुरली होती. आणि पळवली तिनं. अशी पळवली, की विचारू नका. फेटा भुवयांवर घसरतोय, ओठ आवळलेले, एकदाच "चंद्री!" म्हणाली आणि ती म्हैस टोकापर्यंत गाडीला नाक लावून गेली. अक्काच्या मागं ती इतकी कधी पळाली नव्हती. हे मी म्हणते म्हणून नाही, सोमलिंगसुद्धा खुर्चीवर बसल्या बसल्या तसं म्हणाला.

मंडळानं हार आणला. ज्ञानूनं मोनाच्या गळ्यात घातला आणि माईक तोंडाला लावला, "धाकट्या भनीसाठी माघार घेनाऱ्या आपल्या दानेश्वरी अक्कासाठी जोरदार टाळ्या!"

टाळ्या सुरू झाल्या, आणि मोनानं त्याच्या हातातनं माईक ओढून घेतला.

"तिनं माघार घेतल्याली न्हाय!" आवाज चिरकला, पण थांबली नाही. "मला कायबी म्हनली न्हवती ती. पुढच्या वर्षी बघू म्हनलीती. मीच म्हैस फितवली. ह्या खांबापाशी वीस दिस गूळ चारलाय मी तिला. मागनं तीन दिस बंद केला. अक्कानं दिली न्हाय, मी घेतलीया! इचारा काकूस्नी!"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी काय करणार? मान हलवली.

मग मागनं एक म्हातारा गवळी खो खो हसायला लागला आणि म्हणाला, "आरं तिच्यायला, गवळ्याचीच हाय की पोरगी!" शांतव्वानं कपाळावर हात मारला. आणि अक्का गर्दीतनं वाट काढत आली. हसत नव्हती. टपली मारायला हात उचलला नव्हता. तिच्या मानेच्या शिरा ताठल्या होत्या. पाणीवाल्याशी, गटारवाल्याशी, व्यापाऱ्याशी बोलताना ताठतात तशाच.

"भवाने! भर रस्त्यात माझं नाक कापलीस! माझ्या गोठ्यात राहून माझीच म्हैस फितवतीस? लई शानी झालीस? थांब, तुला दावतो!"

"दाव की!" मोना म्हणाली. फेटा मागं सरकवून तिच्या डोळ्यांत बघत म्हणाली.

पाच मिनिटं दोघी बेंबीच्या देठापासून भांडल्या. चंद्री मध्ये उभी राहून दोघींकडं आळीपाळीनं बघत होती. शेवटी शांतव्वानं दोघींना एकेक रट्टा दिला आणि घरात नेलं.

पाच दिवसांनी मोना माझ्या दुकानात आली. शेणानं भरलेले हात, कारण शिक्षा म्हणून अकरा म्हशींचं शेण तिच्या एकटीवर. दारातच उभी राहिली.

"काकू, अक्का माझ्यासंगं बोलत न्हाय."

मी म्हटलं, "माग की माफी. कशाला वाढवतेस?"

"न्हाय मागनार," ती म्हणाली. तोंडावर असं हसू, की अठ्ठ्याऐंशी टक्क्यांनासुद्धा आलं नव्हतं. "अक्का आजपातूर सगळ्या गावासंगं भांडली काकू. माझ्यासंगं कदीच भांडली न्हवती."