आधी व्हॉल्व, मग मोटर

"सून गुणाची आहे हो, पण दिवसभर दार लावून आत करते काय?"

सासूबाई आत्याबाईंना विचारत होत्या. मी पाणी प्यायला आले होते, तहानलेलीच मागे फिरले.

"मंग इचार ना तिले, वहिनी!"

"नको बाई, वाईट वाटायचं तिला."

मुक्ताईनगरजवळच्या या केळीवाल्यांच्या घरात येऊन मला चार महिने झाले. सांगायला कुणी नसलं की किस्से साचतात. नवरा संध्याकाळी जळगावहून येतो, तोवर त्यांची चव गेलेली असते.

* * *

आत मी पुण्याच्या कंपनीचं काम करते. प्रोग्रॅम सुरू होताना त्यातला कुठला भाग आधी तयार व्हायचा, ते आमचा कंपायलर ठरवतो. क्रम चुकला की एक भाग दुसऱ्याकडे काही मागतो आणि हाती नुसतं शून्य येतं.

एकदा मीटिंगमध्ये हेच समजावत होते. माइक चालू. अंगणातून सासरे, आबा, गड्यावर ओरडले, "आधी व्हॉल्व, मग मोटर! पाइप फाडतो का?"

पुण्याचे सर म्हणाले, "हे कोण? यांना टीममध्ये घ्या!"

आता तिकडे त्या नियमाला सगळे 'आबांचा व्हॉल्व' म्हणतात. आबांना पत्ता नाही.

* * *

कंपायलर सगळ्या वाटा तपासतो. एखाद्या ओळीपर्यंत कुठलीच वाट पोचत नसेल, तर ती ओळ काढून टाकतो.

माझी एक ओळ तयार होती : "आबा, मीपण बागेत येऊ?" चहाच्या वेळी तोंड उघडलं की आबांचा फोन वाजायचा. नाहीतर सासूबाई, म्हणजे आई, म्हणायच्या, "दमली असशील, पड जरा."

ओळ अजून काढलेली नाही.

* * *

माझ्या माहेरी, साक्रीत, सासूच्या आधी सून जेवत नाही. इथे आई माझं काम संपायची वाट बघतात. मी त्या बसायची वाट बघते. तीन वाजले तरी ताटं पालथीच!

आत्याबाई डोकावल्या, "दोन्हीस्ना उपास शे का वं?"

चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी माझ्या माहेरच्या अहिराणीत, 'आहे'ऐवजी 'शे', बोललं. त्या दिवशी मी अर्धी भाकरी जास्त खाल्ली.

* * *

परवा मीटिंगमध्ये सरांनी विचारलं, "दोन भाग एकमेकांसाठी थांबून राहिले तर?"

"एकानं न थांबता पुढे जायचं," मी म्हणाले.

लॅपटॉप मिटला. बाहेर आई ताटांपाशी बसलेल्या. मी माझं ताट सुलटं केलं, भाकरी वाढून घेतली आणि म्हणाले,

"आई, मला भूक लागलीय. मी बसतेय, तुम्हीपण बसा. आणि मी आत काय करते, ते मलाच विचारा ना!"